तांब्याचे तीस दिवस

चाळीस वर्षं एकाच दवाखान्यात औषधं कालवून कंपाउंडर निवृत्त झाले. पुढे डॉक्टरही राहिले नाहीत आणि दवाखान्याच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं, तेव्हा मुलगा त्यांना आपल्या घरी घेऊन आला. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. स्वतःचं स्वतः करून खाण्यात त्यांना काही अडचण नव्हती, पण मुलगा म्हणाला, "बाबा, तिकडे तुम्ही एकटे आणि इकडे आठवड्यातले पाच दिवस ती एकटी. दोन एकट्यांपेक्षा एक दुकटं बरं." मुलगा पुलांच्या बांधकामावर होता. सोमवारी सकाळी जायचा तो शनिवारीच उगवायचा. म्हणजे घरात उरायचे सासरा आणि सून.

सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. 'आता बरं दिसतं की आधी बरं दिसत होतं' हे दिवसभर लोकांना विचारून घरी आली की तिच्यात बोलण्याचं त्राण नसे. कंपाउंडरही मुळात मोजकं बोलणारे. त्यामुळे तीन महिन्यांत दोघांत भांडण सोडा, साधी कुरबुरही झाली नव्हती. "चहा ठेवू, बाबा?" "चालेल." "पंखा लावू?" "असू दे, असू दे." दोघंही एकमेकांकडे पाहुणे आल्यासारखे वागत. चहात साखर कमी असली तरी कंपाउंडर मुकाट्याने पीत, आणि त्यांनी रेडिओ मोठ्याने लावला की सून आपल्या खोलीचं दार हळूच लोटून घेई. मुलगा फोनवर विचारी, "काय म्हणतंय घर?" दोघंही सांगत, "काही नाही, छान चाललंय." आणि ते खोटंही नव्हतं. फक्त त्या छानला काही चव नव्हती.

सून मोकळी होई ती एकाच ठिकाणी. बैठकीच्या खोलीत तिची खाऱ्या पाण्याची टाकी होती, हात पसरले तरी टोकं न सापडणारी. आत खडक, पांढरी वाळू, वाऱ्यावर हलावीत तशी हलणारी प्रवाळं, लांब मिशांची एक कोळंबी, आणि चार मासे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी, तिला ती 'नवरा-बायको' म्हणे. थाळीसारखा चपटा, पिवळाधमक, टँग जातीचा, तो 'मास्तर', कारण तो दिवसभर वर्गात फेऱ्या मारल्यासारखा फिरे आणि कुणी दिसलं की अंगावर धावून जाई. आणि बोटाएवढा एक, ज्याच्या पाठीवरचा लांब तुरा सारखा उभा राही नि आडवा होई, तो 'शेंडी'. घरी आली की बूटही न काढता ती टाकीपुढे बसे आणि शेंडीशी बोले. कंपाउंडर आतून ऐकत. सून इतकं बोलते हे त्यांना त्या माशामुळेच कळलं होतं.

एकदा ती फोनवर बहिणीला सांगत होती, "निळा टँग आणायचं फार मनात आहे गं," आणि पुढे ती काय म्हणाली ते कंपाउंडरांच्या रेडिओने गिळून टाकलं. पुढचं वाक्य 'पण आपल्या टाकीत दाटी होईल' असं होतं. कंपाउंडरांनी पहिलंच धरून ठेवलं. दोन गल्ल्या सोडून माशांचं दुकान होतं. तिथे जाऊन त्यांनी निळा टँग मागितला, तो नीट खातो ना हे डोळ्यांनी पाहिलं, पिशवी छातीशी धरून घरी आणली, पंधरा मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली आणि मासा आत सोडला. मग स्वच्छ शर्ट घालून सुनेची वाट पाहत बसले.

सून आली, टाकीपुढे गेली आणि थांबली. तिचा चेहरा आधी उजळला, आणि मग त्यावरून काहीतरी सरकत गेलं.

"हा कुठून आला, बाबा?"

"तुझ्यासाठी आणला."

"लगेच आत सोडलात?"

"लगेच नाही. पंधरा मिनिटं पिशवी तरंगवली. पाण्याला पाण्याची ओळख व्हावी लागते, असं दुकानदार म्हणाला."

ती वाकून काचेतून माशाकडे पाहू लागली. मग म्हणाली, "फार सुंदर आहे." कंपाउंडरांना तेवढं पुरे झालं. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

नवव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, सून टाकीपुढून उठेचना. कंपाउंडर चष्मा पुसत जवळ गेले. निळ्याच्या अंगावर कुणी चिमूटभर मीठ भुरभुरलं असावं तसे पांढरे ठिपके होते. मास्तर खडकाला अंग घासत होता. शेंडी कोपऱ्यात भराभरा कल्ले हलवत होता.

"काय झालंय त्यांना?"

"साथ आलीय," सून म्हणाली. "ठिपक्यांचा आजार. एकाला झाला की सगळ्यांना होतो."

"मी आणला त्याच्यामुळे?"

"असं काही नाही, बाबा. होतं कधीकधी."

ती इतक्या हळुवारपणे बोलली की कंपाउंडरांना बरं वाटायच्या ऐवजी आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दवाखान्यात चूक झाली की डॉक्टर फाडकन बोलत. बोलून झालं की संपलं. इथे कुणी बोलतच नव्हतं, मग संपणार कसं?

तरी त्यांनी आजाराची सगळी माहिती विचारून घेतली. सून सांगत गेली. त्या प्रत्येक ठिपक्यात एक जीव असतो. तो माशाच्या कातडीवर पोसून फुगतो, गळून वाळूत पडतो, तिथे फुटून त्याचे शेकडो होतात, आणि ते शेकडो पोहत पोहत नवा मासा शोधतात. अंगावर असताना त्याला औषध लागू पडत नाही. लागू पडतं ते तो पोहत असतो तेवढ्याच वेळात.

"म्हणजे खपली रोग्याच्या गादीवर पडते आणि गादीच घरभर रोग वाटते," कंपाउंडर म्हणाले. "मग रोग्याला गादीवरून उचलायचं."

सुनेने पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून पाहिलं. "अगदी तसंच. मासे काढून दुसऱ्या टाकीत ठेवायचे, तिथे तांब्याचं औषध. तीस दिवस. आणि ही टाकी अडीच महिने माशांशिवाय ठेवायची, म्हणजे आतले उपाशी मरतील. इथे तांबं घालता येत नाही, त्याने कोळंबी आणि प्रवाळं मरतात." मग ती घुटमळली. "माळ्यावर एक टाकी आहे. पण ठेवायची कुठे, तेच बघायचं. गॅलरीत ऊन येतं."

"माझ्या खोलीत टेबल आहे की."

"नको, बाबा. पंपाचा आवाज होतो. तुम्हाला त्रास होईल."

कंपाउंडर खोलीत गेले आणि टेबलावरचा रेडिओ, औषधांचा डबा नि बायकोचा फोटो उचलून खिडकीत ठेवू लागले.

शनिवारी मुलगा आला तो थेट कामालाच जुंपला गेला. खडकांच्या भोकाभोकांतून लपणारा मासा जाळीने पकडणं म्हणजे काय ते त्या दिवशी तिघांना कळलं. नवरा-बायको तासाभरात हाती लागले. मास्तरने मात्र सगळ्यांना घाम फोडला. शेवटी एक एक खडक बाहेर काढून टबात ठेवावा लागला, जमिनीवर पाणीच पाणी झालं, आणि मुलगा खांद्यापर्यंत भिजलेला हात झटकत म्हणाला, "एवढ्या वेळात माझा पुलाचा खांब उभा राहिला असता." शेंडी उडी मारून जाळीबाहेर पडला तो कंपाउंडरांच्या ओंजळीत. इतका हलका, की हातात काही आहे असं वाटलंच नाही. त्यांनी धावत जाऊन त्याला नव्या टाकीत सोडलं.

नवी टाकी म्हणजे नुसता वॉर्ड होता. वाळू नाही, खडक नाही, कारण ते औषध शोषून घेतात. एक हीटर, हवेचा पंप, बुडबुडे सोडणारा स्पंज, आणि लपायला नळकामाचे पांढरे पाईप नि वाकडे तुकडे. नवरा-बायको एका पाईपात शिरले आणि दोन तोंडं बाहेर काढून बसले.

"तांब्याचं औषध म्हणजे तांब्याने ओतायचं का?" मुलाने विचारलं. कुणी हसलं नाही, म्हणून तो कपडे बदलायला गेला.

सून औषधाचा हिशेब कागदावर करत होती. शंभर लिटरची टाकी, इतक्या लिटरला इतकं औषध, चार दिवसांत थोडं थोडं करत पूर्ण मात्रेला न्यायचं. कंपाउंडर मागून पाहत होते. त्यांना काहीतरी खटकलं. बोलावं की बोलू नये, हे त्यांनी बराच वेळ तोलून पाहिलं. आपणच साथ आणली, वर आता शहाणपण कुठल्या तोंडाने शिकवायचं? पण तिने बाटलीचं झाकण उघडलं आणि त्यांच्याने राहवेना.

"सूनबाई, टाकी शंभरची असेल. पाणी किती आहे?"

"शंभरच."

"मी बादल्या मोजल्यात. दहाची बादली, आठ आणि वर अर्धी. पंचाऐंशी. बाटली केवढी आहे ते बघून डोस देत नाहीत. आत किती आहे ते बघतात."

सून कागदाकडे पाहत राहिली. तिचे कान लाल झाले. "अशक्त माशांना एवढं जास्त झालं असतं," ती म्हणाली. मग बाटली आणि कागद तिने त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्हीच करा."

कंपाउंडरांनी एका रिकाम्या बाटलीत दिवसाचं औषध काढलं, कागदाची पट्टी दुमडून कात्रीने तिला दाते पाडले आणि बाटलीवर चिकटवली. एक दाता सकाळी, एक संध्याकाळी. पूर्वी प्रत्येक मिक्श्चरच्या बाटलीवर अशी पट्टी असे. हातांना ते अजून पाठ होतं. मुलगा कपडे बदलून आला तेव्हा सून त्यांच्या शेजारी बसून दुसरी पट्टी कापायला शिकत होती, आणि तिचे दाते वाकडे येत होते.

मग दिवस वॉर्डाच्या घड्याळावर चालू लागले. सकाळी सून कामावर गेली की कंपाउंडर पाण्याची तपासणी करत. परीक्षानळीत पाणी, त्यात मोजून थेंब, आणि जो रंग येईल तो छापील पट्टीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा. माशांच्या घाणीचं विष वाढलं तर पाणी बदलायचं, तांबं कमी झालं तर भर घालायची. सगळं ते जुन्या केसपेपरसारख्या एका कागदावर लिहीत. 'मास्तर: भूक उत्तम, स्वभाव वाईट.' 'नवरा-बायको: पाईप सोडत नाहीत.' 'निळा: अन्न नाही.' निळ्याला सून समुद्री शेवाळाचा तुकडा चिमट्याला लावून देई, कधी लसणाच्या रसात भिजवून, त्या वासाने भूक लागते म्हणून. चौथ्या दिवशी त्याने शेवाळाचा एक लचका तोडला. कंपाउंडरांनी केसपेपरवर ते दोनदा लिहिलं.

सहाव्या दिवशी सकाळी शेंडी तळाशी आडवा पडला होता. तुरा मिटलेला.

कंपाउंडर पलंगाच्या कडेवर बसले. संध्याकाळपर्यंत न सांगावं असं त्यांना वाटलं. निदान तिचा दिवस तरी नीट जाईल. पण मग वाटलं, तिचा सगळ्यांत लाडका तोच. त्यांनी दुकानात फोन लावला. यापूर्वी तो नंबर त्यांनी कधी फिरवला नव्हता.

"शेंडी गेला गं," एवढंच त्यांना बोलता आलं.

दुपारच्या सुट्टीत ती घरी आली. कंपाउंडरांनी शेंडीला स्वच्छ रुमालात ठेवलं होतं. तिने रुमाल उघडला, परत मिटला.

"चूक माझी आहे," कंपाउंडर म्हणाले. "मला कळत नव्हतं तर विचारायला हवं होतं."

"तुमची नाही, बाबा."

"परत तेच. माझी नाही तर कुणाची?"

"माझी." तिचा आवाज चिरकला. "नवा मासा महिनाभर वेगळा ठेवायचा असतो. हे मला पाठ आहे. त्या संध्याकाळी आत आल्या आल्या मला कळलं होतं. तेव्हाच त्याला बाहेर काढला असता तर कदाचित वाचले असते सगळे. पण तुम्ही उभे होतात तिथे."

"मग? उभा होतो तर काय झालं?"

"इस्त्रीचा शर्ट घालून. बक्षीस मिळालेल्या पोरासारखे. कसं सांगणार होते मी?"

कंपाउंडरांना एकदम राग आला. खरा, पोटातून आलेला राग. "मग सांगायचं नाही? मी काय काचेचा आहे? माझ्या तोंडावर बोलली असतीस, मला वाईट वाटलं असतं तासभर. त्या शेंडीचा जीव घालवलास माझं मन राखायला?"

"आणि तुम्ही कुठे बोलता?" तीही उसळली. "तीन महिने कमी साखरेचा चहा पिताय, ते मला तुमच्या मुलाकडून कळतं. त्यालाही तुम्ही म्हणालात की तिला सांगू नकोस. मी काय वाघ आहे?"

"तू रेडिओला दार लावतेस. बंद करा म्हणत नाहीस."

"कारण तो फार मोठा असतो."

"मग म्हण की, मोठा आहे."

"मोठा आहे, बाबा. फार मोठा आहे."

दोघंही दमली. टाकीत मास्तर काचेवर तोंड आपटत होता, त्याला वाटलं कुणीतरी खायला आणलंय. सुनेने डोळे पुसले आणि त्याला चिमूटभर खाणं टाकलं. मग दोघांनी मिळून गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत शेंडीला पुरलं. ती परत कामावर निघाली तेव्हा कंपाउंडर म्हणाले, "जेवून जा. तोंड सुकलंय." ती म्हणाली, "भूक नाही." ते म्हणाले, "भूक नाही हे मला चालणार नाही." ती जेवून गेली.

त्या दिवसापासून घरात बोलणं सुरू झालं, आणि सुरू झालं ते थांबेना. चहात साखर एवढी पडू लागली की कंपाउंडरांनाच आता पुरे म्हणावं लागलं. ती आल्यावर टाकीपुढे बसण्याऐवजी त्यांच्या खोलीत येई आणि दारातूनच विचारी, "राउंड झाला का?" निळ्याच्या अंगावरचे ठिपके गेले. मास्तरचेही गेले. केसपेपरवर रोज 'तांबं: योग्य' असा शेरा पडत होता.

सोळाव्या दिवशी, रविवारी, तिने सहज स्वतः तपासणी केली, आणि परीक्षानळी खिडकीशी धरून ती थांबली.

"बाबा, हा रंग तुम्हाला कुठला वाटतो?"

"तिसरा. म्हणजे बरोबर."

"हा दुसऱ्याहूनही फिका आहे."

तिने पट्टीवरच्या दोन निळ्या छटांवर बोट ठेवलं. "या दोघींत फरक दिसतो का तुम्हाला?"

कंपाउंडरांना फरक दिसत नव्हता. बरेच महिने बरंच काही नीट दिसत नव्हतं. पेपरातली अक्षरं, जिन्याची शेवटची पायरी. म्हातारपण आहे, त्यात काय सांगायचं, असं त्यांनी धरलं होतं.

"पाणी बदलताना औषध कमी पडत गेलं," सून म्हणाली. आवाज शांत होता, पण या वेळी तिने काही गुंडाळून ठेवलं नाही. "दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. सोळा फुकट गेले. आणि उद्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर दुकानात यायचं."

"उद्या मला..."

"यायचं म्हणजे यायचं."

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर तिच्या अंधाऱ्या खोलीत उंच खुर्चीवर बसले. नाकावर जड लोखंडी चौकट, समोर भिंतीवर अक्षरं. सून पांढरा कोट घालून उभी होती आणि एकेक भिंग बदलत होती. घरातली सून वेगळी, ही वेगळी. हिच्या बोलण्यात 'चालेल' नव्हतं.

"आता बरं की आधी बरं?"

"दोन्ही सारखंच."

"नीट बघून सांगा. माझं मन राखू नका."

कंपाउंडर हसले, चौकट घसरली, तिने ती परत बसवली आणि बोटाने त्यांची हनुवटी वर केली. मग बराच वेळ ती यंत्रातून त्यांच्या डोळ्यांत पाहत राहिली. इतक्या जवळून त्यांच्याकडे कुणी पाहिल्याला वर्षं झाली होती.

"मोतीबिंदू आहे," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत, डावा जास्त. भिंग पिवळं पडतं ना, तेव्हा आधी निळ्याचीच फसगत होते. नळी वाचता आली नाही यात नवल नाही. ऑपरेशन लागेल. साधं असतं."

"म्हणजे मी निळा मासा आणला तो मला निळा दिसलाच नव्हता?"

"कसा दिसला होता?"

ते आठवू लागले. "राखी. जरा चमकणारा. मला वाटलं, यालाच लोक निळा म्हणत असतील."

सुनेने चौकट काढून ठेवली आणि तोंड फिरवून उगाच भिंगांची पेटी आवरू लागली.

नवे तीस दिवस सुरू झाले. तांब्याची नळी आता ती सकाळी स्वतः वाचून जाई, बाकी सगळं कंपाउंडर करत. तीस दिवसांत एकही ठिपका परत आला नाही. मग पाणी बदलत बदलत तांबं काढून टाकलं आणि मासे साध्या खाऱ्या पाण्यात, त्याच वॉर्डात, मोठी टाकी मोकळी व्हायची वाट पाहत राहिले. मधल्या काळात कंपाउंडरांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा दोन दिवसांची सुट्टी काढून आला, पण थेंब घालायचं काम सुनेने त्याला दिलं नाही. "तू डोळ्यात घालशील की गालावर, भरवसा नाही." दिवसातून चार वेळा थेंब, आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. कंपाउंडर दोनदा थेंब चुकवायला गेले आणि दोन्ही वेळा सापडले.

पट्टी सुटली त्या सकाळी सून त्यांना हाताला धरून टेबलापाशी घेऊन गेली. निळा पाईपातून बाहेर आला. कंपाउंडर उजवा डोळा झाकून पाहत राहिले, मग डावा झाकून, परत उजवा झाकून.

"आई गं," ते हळूच म्हणाले. "हा असा आहे होय?"

"असा आहे."

"मग दुकानात तू असतीस तरी आणलाच असता की."

"आणला असता," सून म्हणाली. "पण दाटी होते टाकीत. ते मी फोनवर म्हणालेही होते. तुम्ही ऐकलं नाहीत."

"रेडिओ मोठा होता," कंपाउंडर म्हणाले.

अडीच महिने झाले त्या शनिवारी मुलगा जाळी घेऊन आधीच दंडापर्यंत बाह्या सारून बसला होता. पण वॉर्डात खडक नव्हते, त्यामुळे पाच मिनिटांत काम उरकलं आणि त्याचा हिरमोड झाला. नवरा-बायको आधी सोडले. मास्तर आणि निळा दोघांना एकदमच, म्हणजे 'ही जागा माझी' असं म्हणायला कुणाला वेळ मिळू नये. तरी मास्तरने आत जाताच एक फेरी मारली, कोळंबीला जागेवरून उठवलं आणि निळ्याला दोनदा शेपटी दाखवली. निळा खडकामागे गेला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला. सून वाकून पाहत होती. तिने कंपाउंडरांचा हात धरला होता, आणि तो सोडायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"उद्या ती टाकी माळ्यावर टाकतो," मुलगा म्हणाला. "बाबांची खोली मोकळी करू."

"कशाला?" कंपाउंडर म्हणाले.

"पंपाचा आवाज असतो ना, बाबा," सून म्हणाली. "आता गरज नाही त्याची."

"गरज नाही असं कसं? ही काय सणापुरती आणलेली वस्तू आहे, काढून ठेवायला? नवा मासा आला की ठेवणार कुठे?"

"आता नवा मासा नाही. दाटी होते म्हणून सांगतेय कधीची."

"एक लहान चालेल. बोटाएवढा. त्याने काय दाटी होते?"

"आत्ता चालेल म्हणता, मग अजून एक म्हणाल."

"म्हणेन. मग तू नाही म्हण. नाही म्हणायला येतं तुला आता."

मुलगा हातात जाळी घेऊन दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. "तुम्ही भांडताय का?" त्याने विचारलं.

"तू मध्ये पडू नकोस," सून म्हणाली.

तीन आठवड्यांनी सासरा आणि सून माशांच्या त्या दुकानात गेले. सुनेने एकेक टाकी पाहिली, कंपाउंडरांनी मागून नव्या डोळ्याने पाहिली. शेंडीसारखा मासा होता, पण तिने नको म्हटलं आणि त्यांनीही आग्रह केला नाही. त्यांनी एक पिवळसर डोक्याचा, बोटभर लांब, वाळूत तोंड घालून बसणारा मासा पसंत केला. दुकानदार म्हणाला, एकदम तंदुरुस्त आहे. कंपाउंडर म्हणाले, "तो तंदुरुस्त असेल. आम्ही महिनाभर बघू आणि मग ठरवू."

मासा त्यांच्या खोलीतल्या टाकीत आला. दोन दिवस तो पाईपातून बाहेर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सून कामावर निघत होती, एक बूट पायात, एक हातात, तेव्हा आतून कंपाउंडरांनी हाक मारली.

"जेवला गं."

ती एका बुटावरच आत आली, आणि दोघं टेबलापाशी वाकून तो दुसरा घास घेतो का ते बघत उभे राहिले.